डीपीपर्यंत आणि परत

खान्देशात मोठं माणूस पळताना दिसलं की लोक दोनच कारणं धरून चालतात. वय पंचविशीच्या आत असेल तर भरती, चाळिशीच्या पुढं असेल तर शुगर. गेल्या तीन वर्षांत मला दोन्हींबद्दल विचारून झालंय. जळगावात आमच्या गल्लीतल्या एका काकांनी विचारलं, "मुलाची भरती आहे का ताई, त्याच्यासोबत जाता?" शेजारच्या वहिनींनी आवाज खाली आणून विचारलं, "रिपोर्ट काय आले?" आणि माझ्या माहेरी, चोपडा तालुक्यात, कापूस वेचणाऱ्या एका आजीने ओटीतला हात तसाच ठेवून हाक मारली, "कथा पयी राह्यनी व माय, काय व्हयनं?" म्हणजे कुठं पळतेयस गं माय, काय झालं? काहीतरी झाल्याशिवाय बाई पळत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आग लागली, ढोर सुटलं, पोरगं विहिरीकडे गेलं, तर बाई पळते. काहीच झालेलं नाही, सकाळ छान आहे, म्हणून कुणी पळावं ही गोष्ट तिच्या सबंध आयुष्यात तिला कधी दिसलेली नव्हती.

ती दिसावी असं मला मनापासून वाटतं. नव्याने धावू लागणाऱ्या माणसाला दीड-दोन किलोमीटरचं, मातीवरचं, झाडापिकांच्या कडेचं, घरातून चालत गाठता येईल इतक्या जवळचं धावणं मिळायला हवं. तेवढं धावणं पूर्ण आहे, त्याच्या पुढं आणखी काही करून दाखवायची गरज नाही. आणि त्यासाठी गावात, शहरात थोडी माती मोकळी राखणं हे पाण्याच्या आणि दिव्याबत्तीच्या सोयीइतकंच सार्वजनिक काम आहे. सध्या आपण जवळपास उलट दिशेने चाललो आहोत.

आधी भरतीबद्दल. पहाटे चार-साडेचारला आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर ही पोरं दिसतात. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय दोघांनाही शंभर मीटर. घड्याळ लावलेलं, सेकंदासेकंदाला गुण. ही पोरं ज्या जिद्दीने डांबरी रस्त्यावर ट्रकच्या उजेडात पळतात, त्या जिद्दीपुढे मी मान झुकवते. पण यातून एक नुकसान झालंय. धावणं म्हणजे परीक्षा, हे समीकरण सगळ्यांच्या मनात घट्ट बसलंय. आणि परीक्षेचं पुस्तक परीक्षेनंतर कुणी उघडत नाही. माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं भरती झाल्यावर, किंवा वयाची अट निघून गेल्यावर, एकदाही धावलेली नाहीत. पाच-पाच वर्षं रोज पळूनही पळण्यात बरं वाटतं हे त्यांना कधी कळलंच नाही, कारण त्यांना एकही दिवस घड्याळाशिवाय पळू दिलं गेलं नाही.

दुसरं टोक म्हणजे मॅरेथॉन. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. आपल्याकडे तीन किलोमीटरच्या शर्यतीलाही मॅरेथॉनच म्हणतात, आणि या एका शब्दाने नवशिक्याच्या डोक्यात अंतराचं खूळ शिरतं. माझ्याही शिरलं होतं. चाळिसाव्या वर्षी मी धावायला लागले ते एका ग्रुपमध्ये. तिसऱ्याच आठवड्यात 'दहा किलोमीटरला नाव द्या' असा आग्रह झाला. मी दिलं. सहा आठवडे सिमेंटच्या रस्त्यावर रोज अंतर वाढवत गेले. शर्यत पुरी केली, टी-शर्ट मिळाला, गळ्यात मेडल पडलं, आणि त्यानंतर नडग्यांच्या आतल्या बाजूला अशी कळ बसली की पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागे. आठ महिने मी धावले नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्या आठ महिन्यांत मला धावण्याची एकदाही आठवण आली नाही. आठवावं असं त्यात काही नव्हतंच.

मग दिवाळीला माहेरी गेले. आमचं घर गावाच्या टोकाला आहे. तिथून शेतरस्ता निघतो आणि आमच्या शिवाराच्या डीपीपर्यंत, म्हणजे विहिरींवरच्या मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातो. पाडव्याच्या सकाळी घरात सगळे झोपलेले असताना मी जुने बूट घातले आणि निघाले. धावायचं असं ठरवलेलं नव्हतं. घरापासून पहिल्या कडुनिंबापर्यंत चालत गेले, तिथून आपोआप पाय उचलले गेले. रस्ता म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या, त्यांत पायाच्या घोट्याला लागेल असा मऊ फुफाटा, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे हरळीचा पट्टा. मी हरळीवरून धावत होते. दव पडलेलं होतं. एका बाजूला वीतभर वर आलेली दादर ज्वारी, दुसऱ्या बाजूला फुटलेला कापूस. समोर सातपुड्याची निळी रेघ.

अर्ध्या वाटेवर केळीचा बाग लागतो. वारा अडावा म्हणून त्याच्या कडेने शेवरी लावलेली आहे. त्या बागेच्या रेषेत पाऊल पडलं आणि अंगाला एकदम गारवा लागला, जसं उन्हातून आल्यावर माठाजवळ उभं राहावं तसा. ठिबकचं पाणी सुटलेलं असणार, ओल्या मातीचा आणि सडलेल्या पानांचा वास येत होता. पंचवीस-तीस पावलं तो गारवा सोबत आला आणि बाग संपताच गेला. चाळीस वर्षं मी त्या बागेजवळून बैलगाडीत, सायकलवर, मोटारसायकलवर गेले आहे. हा गारवा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. मोटारसायकलवर तो एका क्षणात निघून जातो. चालताना तो हळूहळू अंगावर येतो, म्हणून त्याची कड जाणवत नाही. धावताना मात्र अंग तापलेलं असतं, श्वास मोठा असतो, आणि गारव्याची कड अंगाला स्पष्ट लागते.

डीपी आली. तिथं दोन मिनिटं उभी राहिले, मोटारींचा घुमणारा आवाज ऐकला, आणि परत निघाले. येताना कडुनिंबाजवळ थोडं चालले, पुन्हा धावले. टिटवी डोक्यावर ओरडत गेली. घरी पोचले तेव्हा आई चुलीवर पाणी तापवत होती. तिनं तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय गं, काय सापडलं?"

नंतर मोबाइलवर अंतर मोजलं. जाऊन-येऊन सोळाशे मीटर. भरतीच्या पोरांचेच सोळाशे.

पुढचे चारही दिवस मी गेले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळवायचं नव्हतं. पहिल्यांदाच असं झालं की रात्री झोपताना सकाळच्या धावण्याची वाट पाहिली गेली. मातीवर एकही पाऊल दुसऱ्यासारखं पडत नाही. कुठं ढेकूळ, कुठं खळगा, कुठं चिकणी. पायांना सतत बघावं लागतं, आणि त्यात डोक्यातली शाळेची, घराची, हप्त्यांची बडबड आपोआप थांबते. सिमेंटवर माझं मन कायम पुढच्या किलोमीटरवर असायचं. इथं ते पुढच्या पावलावर होतं.

आता कुणी म्हणेल, इतक्याशा धावण्याने होतं काय? होतं. 2014 साली अमेरिकेत पंचावन्न हजारांवर लोकांच्या सुमारे पंधरा वर्षांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास हृदयरोगाच्या नामांकित नियतकालिकात आला. रोज पाच ते दहा मिनिटं, तीही संथ गतीने धावणाऱ्यांमध्येसुद्धा हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. गुडघ्यांची भीती घालणाऱ्यांसाठी 2017 मधला दुसरा आढावा आहे. मांडीच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांची झीज हौशी धावकांत 3.5 टक्के, बसून राहणाऱ्यांत 10.2 टक्के, आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत 13.3 टक्के. हे तीन आकडे मी कॉलनीत सगळ्यांना पाठ करून सांगते. हौसेने थोडं धावणारा माणूस यात सगळ्यात चांगल्या जागी उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या मार्गदर्शनातून 'किमान सलग दहा मिनिटं तरी हवीत' ही जुनी अट काढून टाकली. थोडंही चालतं, असं आता तीही म्हणते.

वेगाचंही तसंच. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं मिळवली. जगाने या प्रशिक्षकाकडे पदकांसाठी पाहिलं. पण त्याच लिडियार्ड यांनी पुढच्या काही वर्षांत ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, जाड झालेल्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांना धावायला लावलं. नियम एकच: शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच गतीने धावायचं. जगभर पसरलेलं 'जॉगिंग' बऱ्याच अंशी तिथून निघालं. सुवर्णपदकवाल्या गुरूला नवशिक्यासाठी गप्पांचा वेग योग्य वाटत असेल, तर आपण घड्याळ का लावावं?

फायद्याचे आकडे मी दिले खरे, पण माझा सगळा भर त्यावर नाही. आखाजीची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेची आठवण काढा. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, पन्नाशीची बाई पदर खोचून झोक्यावर उभी राहते आणि पार फांदीला पाय लावून येते. तिला कुणी विचारत नाही, झोक्याने वजन किती कमी होतं, किंवा तुला रिपोर्टमध्ये काय निघालं. आनंदासाठी बाईचं अंग हलतं हे आपल्या समाजाला मान्य आहे, पण वर्षातून दोन दिवस. मला वाटतं त्या झोक्याचा हक्क उरलेल्या दिवसांनाही मिळावा. सकाळी वीस मिनिटं शेतरस्त्यावर, तलावाकाठी, कुणाला कारण न देता.

यावर एक आक्षेप असा येतो की तो ऐकून मी गप्प बसते आणि विचार करते. "दिवसभर कापूस वेचणारी, केळीचे घड वाहणारी बाई कधी पळते का? ही बसून खाणाऱ्यांची हौस आहे." माझी आईच आयुष्यभर शेतात राबली. तिला मी कधीही पळ म्हणणार नाही, तिच्या कमरेने पुरेसं सोसलंय. पण आक्षेप घेणारे नेहमी तिच्या कष्टाबद्दल बोलतात, तिच्या मोकळेपणाबद्दल कुणीच बोलत नाही. कष्टाने अंग झिजतं, खेळाने ते उलगडतं. मजुराच्या मुलीला शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन दिवस घड्याळाशिवाय, रांगेशिवाय, नुसतं झाडाला शिवून येण्यासाठी पळू दिलं, तर ते तिच्या आईच्या कष्टाचा अपमान होत नाही. आणि खर्च? शेतरस्ता फुकट आहे. जिमची फी, शर्यतीची फी, सिंथेटिक ट्रॅक या गोष्टी मजुराच्या घरापासून जितक्या लांब आहेत, तितकी माती नाही.

निदान आत्तापर्यंत नव्हती. शहरात ती झपाट्याने लांब चालली आहे. जळगावात आमच्या बाजूला नव्या कॉलन्या झाल्या त्या सगळ्या शेतजमिनींवर. लेआउट मंजूर होताना एक एकराहून मोठ्या जागेत दहा टक्के भाग मोकळा सोडावा लागतो. त्यालाच आपण 'ओपन स्पेस' म्हणतो, मराठीतसुद्धा. एक हेक्टरच्या लेआउटला हजार चौरस मीटर. समजा ती जागा तीस बाय पस्तीसची असेल, तर कडेने फेरी 130 मीटरची होते. आठ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. नवशिक्याला घराच्या दारात, रिक्षा-स्कूटर न काढता, मातीवरचा एक किलोमीटर! कायद्याने आपल्याला ही देणगी आधीच दिलेली आहे.

आणि आपण तिचं करतो काय? निधी मिळाला की पहिलं काम पेव्हर ब्लॉकचं. सगळी जागा कडेपासून कडेपर्यंत ब्लॉकने मढवायची, मधोमध सभामंडप, एका कोपऱ्यात लोखंडी व्यायामाची यंत्रं, त्यांचा रंग दुसऱ्या उन्हाळ्यात उडतो. झाडं असतील तर त्यांच्या बुंध्याला सिमेंटचा ओटा. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. चिखल होतो, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात, लग्नकार्याला जागा लागते, हे सगळं खरं आहे. मंडप हवा तर असू द्या. पण मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो तेव्हा, संध्याकाळी सातला त्या ब्लॉकवर अनवाणी उभं राहून बघा. दिवसभर प्यायलेलं ऊन ते रात्रभर सोडत बसतात. कडुनिंबाखालची माती त्याच वेळी बसण्याजोगी झालेली असते. आणि ब्लॉकवर धावणाऱ्याचा पाय प्रत्येक पावलाला त्याच कोनात, त्याच कठीणपणावर आदळतो. माझ्या नडग्यांना ते माहीत आहे.

चांगल्या जागा आपल्याकडे नाहीत असं नाही. जळगावचा मेहरूण तलाव आहे. मेहरूणची बोरं सगळ्यांना माहीत आहेत, पण हिवाळ्यात सूर्य उगवताना त्या पाण्यावरची वाफ बघायला गेलेले किती? मोहाडी रस्त्याला लांडोरखोरीचं वनोद्यान आहे. धुळ्याला नकाणे तलाव, लळिंगचं कुरण. चाळीसगावकरांना पाटणादेवीचं जंगल. पण या जागा रविवारच्या आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माणसाला तिथं जायला वीस मिनिटं स्कूटर चालवावी लागते, आणि नवशिका धावण्याला कंटाळायच्या आधी स्कूटरला कंटाळतो. सवय लागते ती दारातल्या मातीची. म्हणून मला एका मोठ्या सुशोभित ट्रॅकपेक्षा प्रत्येक वस्तीजवळचा चार फुटी मातीचा पट्टा जास्त मोलाचा वाटतो.

गावांत वेगळी अडचण आहे. शेतरस्ते अतिक्रमणात बुजताहेत. दोन्हीकडून नांगराची एकेक रेघ आत सरकते आणि गाडीवाट पायवाट होऊन बसते. शेतकऱ्याला माल काढायला रस्ता हवा, म्हणून ते मोकळे व्हावेत ही मागणी जुनीच आहे. तिच्यात माझी एवढीच भर: मोकळे केल्यावर कडेला झाडं लावा आणि गावालगतचा पहिला किलोमीटर तरी सिमेंटचा करू नका. मुरूम पुरे.

मुरूम म्हणते त्याला कारण आहे. आपली काळी माती आषाढात धावू देत नाही. दहा पावलांत प्रत्येक बुटाला एवढा चिखल चिकटतो की पाय उचलायला हात लावावा. त्या दिवसांत बरडावर जावं, माळावर, टेकडीच्या पायथ्याला, जिथं पाणी थांबत नाही आणि तरवड फुललेला असतो. नाग-घोणस याच दिवसांत वाटेवर येतात, म्हणून पुरतं उजाडल्याशिवाय निघू नये. काळ्या मातीचे खरे दिवस दिवाळीपासून होळीपर्यंत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेव्हाच करावी, पहिल्या चार महिन्यांत थंडी त्याला सांभाळून घेते. मे महिन्यात सूर्य पावणेसहाला वर येतो, त्याच्या आत घरी परतायचं. ज्या दिवशी पहाटेही झळ जाणवते त्या दिवशी धावायचं नाही, झाडाखाली बसायचं.

बायकांच्या बाबतीत मातीने एकटीने भागत नाही. पुन्हा एकटीने धावू लागल्यावर मी स्वतः पहिले सहा महिने दुपट्टा घेऊन, हातात पिशवी धरून धावले, दूध आणायला निघाल्यासारखी, म्हणजे कुणी बघितलं तर चालायला लागता यावं. पट्ट्याच्या तोंडाशी एक दिवा हवा, कडेची झुडपं छातीच्या खाली कापलेली हवीत, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम नियमित चालायला हवं. कुत्रं मागं लागलं तर पळू नये, थांबून उभं राहावं, हे मी शिकले, पण दहा वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा करता येत नाही. आणि सोबत हवी. एक बाई धावते तेव्हा लोक बघतात. चार धावतात तेव्हा पाचवी विचारते, मी येऊ का?

माझ्याकडे अशी पाचवी आली ती आवाज खाली आणून रिपोर्ट विचारणारी शेजारची वहिनी. पहिल्या दिवशी ती ओपन स्पेसच्या फाटकापासून कोपऱ्यातल्या निंबापर्यंत धावली, चाळीसेक पावलं, आणि निंबाला हात टेकवून उभी राहिली. म्हणाली, "लग्नाआधी धावले होते, त्यानंतर आत्ता." मग वळली आणि फाटकापर्यंत पुन्हा धावली.

तो निंब आणि ती वाट अजून मातीची आहे. ब्लॉक बसवायचा ठराव पुढच्या महिन्यात कॉलनीच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. मी कागदावर नकाशा काढून ठेवलाय. मंडप जिथं आहे तिथं राहू दे, मधे ब्लॉक बसवा. कुंपणाच्या आतून सलग चार फूट जागा मात्र सोडा, तिथं मुरूम टाकून एकदा रोलर फिरवा, पाणी निघून जाईल असा एका बाजूला उतार द्या, आणि दर पंधरा मीटरवर एक निंब लावा. आठ-नऊ रोपं लागतील. ती आमच्या माहेरच्या शेतातून मी आणते.